गोंडघर फाटा

राष्ट्रीय सुरक्षेवर एका नेत्याचं भाषण होतं, म्हणून परवा दादरला गेलो होतो. सभागृह खच्चून भरलेलं. बालाकोट झालं, ऑपरेशन सिंदूर झालं, ‘घरात घुसून मारू’वर टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. शत्रूला धाक हवाच.

मग त्यांनी तुकाराम ओंबळे यांचं नाव घेतलं आणि सगळे आपसूक उभे राहिले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर या सहायक फौजदाराने कसाबच्या एके-४७ ची नळी हातांनी घट्ट धरली. गोळ्या अंगावर घेतल्या, पकड सोडली नाही. म्हणून कसाब जिवंत हाती लागला आणि कट कुठे शिजला ते जगापुढे मांडता आलं. माझे डोळे भरून आले. पण खाली बसताना आठवला तो दुसराच नाका. त्याचं नाव व्यासपीठावरून कुणी घेत नाही.

आमच्या रायगड जिल्ह्यात, म्हसळ्याजवळ गोंडघर फाटा आहे. जानेवारी १९९३ मध्ये दिघीला उतरवलेली शस्त्रं घेऊन निघालेल्या गाड्या पोलिसांनी तिथे रात्री अडवल्या. म्हणजे यंत्रणा झोपलेली नव्हती. नाका होता, माणसं जागेवर होती, माल समोर होता. लाचेचा आकडा ठरला, तारण म्हणून चांदीच्या विटा हातात पडल्या आणि गाड्या सुटल्या. फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स उतरलं. कस्टमचे काही अधिकारीही सामील होते, हे पुढे खटल्यात सिद्ध झालं. १२ मार्चला मुंबईतल्या साखळी बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली.

त्या रात्री फाट्यावर एखादा शिपाई अडून बसला असता, ‘साहेब, गाडी सोडायची नाही’ म्हणाला असता, तर? कदाचित १२ मार्च हा इतर दिवसांसारखाच एक दिवस ठरला असता. आणि नेमकं म्हणूनच त्या शिपायाचं नाव कुणाला कळलं नसतं. न झालेल्या स्फोटाचं स्मारक कुठे उभं राहतं? उलट वरिष्ठाला नाही म्हटलं म्हणून त्याची बदली झाली असती. ओंबळ्यांचं शौर्य लाखात एक, ते मागून मिळत नाही. असा नकार मात्र रोज लागतो, दर बंदरावर, दर फाट्यावर. तो देणाऱ्याच्या पाठीशी कोण उभं राहणार, एवढंच मला त्या नेत्याला विचारायचं होतं. चिठ्ठी लिहून पाठवली. वेळ संपली होती.

बाहेर पडलो. फाटकाशी बंदोबस्ताचा एक तरुण शिपाई भिंतीला पाठ टेकून उभा होता.

“कधीपासून उभा आहेस?”

“सकाळी आठपासून, काका.”

“सुटणार कधी?”

“साहेबांची गाडी गेली की,” तो म्हणाला, आणि गाडीचा आवाज येताच टोपी नीट करून ताठ उभा राहिला.