रागी आणि कॅमेरा

छत्तीसगडच्या पंडवानीत, म्हणजे महाभारत गाऊन सांगण्याच्या लोककलेत, रागी नावाचा एक माणूस असतो. कथा त्याची नसते, तंबुरा त्याच्या हातात नसतो आणि टाळ्याही बहुधा दुसऱ्याच कुणासाठी पडतात. गायिका सांगते की भीम उठला, रागी म्हणतो, 'हव', म्हणजे 'हो'. ती सांगते की त्याने दुःशासनाकडे पाहिलं, रागी विचारतो, मग? कधी तो चकित होतो, कधी भीमाची थट्टा करतो, कधी ओळ उचलून पुन्हा गातो. वरवर पाहता तो साथीदार. खरं तर तो श्रोत्यांचा मंचावर बसवलेला प्रतिनिधी आहे. समोरची हजार माणसं गप्प बसली तरी गाणारीला उत्तर मिळालंच पाहिजे, याची ती व्यवस्था.

टेलिव्हिजनच्या सुरुवातीच्या काळातल्या थेट संगीत कार्यक्रमांचं कौतुक वाचताना मला हा रागी आठवतो. 'थेट' या गोष्टीचं आपल्याला अप्रूप फार. पण थेट म्हणजे नेमकं काय? गाणं त्याच क्षणी ऐकू येणं, की ऐकणाऱ्याने त्याच क्षणी गाण्यात ढवळाढवळ करणं?

31 मार्च 1957 ला अमेरिकेत सीबीएस वाहिनीने 'सिंड्रेला' ही संगीतिका न्यूयॉर्कच्या स्टुडिओतून थेट दाखवली. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या जोडीने ती खास टेलिव्हिजनसाठी लिहिली होती. नायिका होती ज्युली अँड्र्यूज. त्या वेळी ती ब्रॉडवेवर 'माय फेअर लेडी' गाजवत होती. अंदाजे दहा कोटींहून जास्त लोकांनी तो प्रयोग पाहिला असं मानतात. प्रसारण रंगीत होतं, पण आज उरलं आहे ते पडद्यावरून टिपलेलं कृष्णधवल चित्रण. रंग गेले याची हळहळ अभ्यासकांना वाटते, आणि ती रास्तच आहे. मला मात्र दुसरीच गोष्ट खटकते. घराघरांतून पाहणाऱ्या त्या दहा कोटींपैकी एकालाही तिला थांबवून 'पुन्हा म्हण' असं सांगता येत नव्हतं.

मराठी माणसाला हे चटकन कळावं. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगमंचावर आलं. तिथून पुढे संगीत नाटकाची लांबी नाटककार ठरवत नव्हता, वन्समोअर ठरवत होता. शकुंतला सासरी निघाली आहे, कण्व डोळे पुसतो आहे, आणि पिटातून आरोळी येते. मग कण्वाने थांबायचं, शकुंतलेने मागे फिरायचं. वास्तववादी समीक्षकांनी या प्रकाराला पुष्कळ नावं ठेवली. नाटक म्हणून ते बेढब होतंच. पण गायक आणि श्रोता यांच्यातला तो उघड सौदा होता आणि पहाटेपर्यंत चालायचा. बालगंधर्व 1935 मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात एकनाथांच्या भूमिकेत कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. शांतारामबापूंसारखा दिग्दर्शक, प्रभातचा दबदबा, सगळं होतं. तरी ते परत रंगभूमीकडेच वळले. कॅमेऱ्याकडून वन्समोअर येत नाही, एवढं एक कारण मला त्यासाठी पुरेसं वाटतं.

1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक असं 'गीतरामायण' आलं, तेव्हा लोकांनी उत्तर द्यायची आपली रीत शोधली: रेडिओला हार घालायचे, उदबत्ती लावायची. गाणाऱ्या सुधीर फडक्यांना स्टुडिओत ते दिसत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

पंडवानीच्या मुलखात, आजच्या छत्तीसगडमधल्या भिलाईत, पोलादाचा कारखाना उभा राहिला तोही याच काळात. सोव्हिएत मदतीने, आणि पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली 1959 मध्ये. दिल्लीत टेलिव्हिजनची चाचणी सुरू झाली तेही हेच वर्ष. मुंबईला केंद्र मिळायला 1972 उजाडलं. पण छत्तीसगडच्या खेड्यांत टीव्ही आला तो यातल्या कोणत्याच शहराच्या मनोऱ्यावरून नाही, थेट आभाळातून. 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर 'साइट' प्रयोगात सहा राज्यांतल्या 2400 गावांना अमेरिकेचा एटीएस-6 उपग्रह वापरायला मिळाला. त्यांत रायपूर, दुर्ग, बिलासपूर या जिल्ह्यांतली गावं होती. शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात तारेच्या जाळीची तीनेक मीटरची छत्री, सामायिक संच, आणि पुढे जमलेलं गाव. हिंदी पट्ट्याचे कार्यक्रम तयार होत दिल्लीत. म्हणजे छत्तीसगढीत रडणाऱ्या-हसणाऱ्या गावाने दिल्लीची हिंदी ऐकायची. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन या विषयांना तेही चाललं असेल. गाण्याला कसं चालावं?

आणि याच्या थोडंच आधी, 1974 मध्ये, भिलाईत नेमकं उलट घडलं होतं. रायपूरचे नाटककार-दिग्दर्शक हबीब तन्वीर 'नाचा' या छत्तीसगढी लोकनाट्याच्या कलावंतांना घेऊन तिथे शिबिर घेत होते. विजयदान देथांची चोराची गोष्ट हाताशी होती, नाटक अजून पुरतं बांधलेलंही नव्हतं. ते अर्धंमुर्धं रूप त्यांनी उघड्या मैदानात सतनामी श्रोत्यांच्या मोठ्या जमावापुढे ठेवलं. सत्य हाच ईश्वर मानणाऱ्या माणसांसमोर खरं बोलण्याचं व्रत घेतलेला चोर! त्यातूनच 'चरणदास चोर' घडलं, सतनाम्यांची पंथी गाणी आत आली, आणि 1982 मध्ये एडिंबरोत ते नावाजलं गेलं. तन्वीरांनी सुरुवातीच्या वर्षांत या नटांना रंगमंचावर ठरलेल्या जागी उभं करायचा खटाटोप केला होता. तो जमेना. श्रोते जिकडे, तिकडे नट वळायचा. शिस्तीला तो दोष वाटे. हा दोष नसून यांची कलाच आहे, हे उमगायला त्यांना वर्षं लागली. टीव्हीच्या स्टुडिओत तर जमिनीवर खडूच्या खुणाच असतात. खुणेबाहेर पाऊल पडलं की माणूस चौकटीबाहेर.

तरीही टेलिव्हिजनला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून निघून जाणं मला पटत नाही. कारण तीजनबाई.

भिलाईजवळच्या गनियारीची, पारधी समाजातली ही मुलगी आजोबांकडून कथा ऐकत वाढली. बायकांनी पंडवानी गायची तर बसून, हा रिवाज. ती तेराव्या वर्षी उभी राहून गायली. गाते म्हणून जातीने तिला बाहेर काढलं. पुढे तन्वीरांची नजर पडली, भिलाई पोलाद कारखान्यात नोकरी लागली, आणि 1988 मध्ये श्याम बेनेगलांच्या 'भारत एक खोज'ने तिला देशभरच्या बैठकीच्या खोल्यांत नेलं. हातातला तंबुरा क्षणात गदा, क्षणात धनुष्य. पान खाल्लेलं तोंड, आणि भुवई उडवून श्रोत्यांना दम भरणं. मैदानात शेवटच्या रांगेतल्या माणसाला यातलं निम्मं दिसत नाही. कॅमेऱ्याने ते जवळून दाखवलं. ज्या बाईला जातीने हुंकार नाकारला, तिला नाव मिळालं ते हुंकार न देऊ शकणाऱ्या यंत्रातून. हा हिशेब मला अजून नीट जुळवता येत नाही, आणि जुळवून दाखवणाऱ्यांवर माझा विश्वासही नाही.

किंमत मात्र मोजावी लागली, ती वेळेत. रात्र रात्र चालणारी कथा पडद्यावर काही मिनिटांच्या तुकड्यांत आली. कुठे रेंगाळायचं हे आता संकलक ठरवू लागला. दुःशासनवध किती लांबवायचा, हे पूर्वी समोरच्यांचे श्वास ऐकून ठरे.

आता मोबाइलवरच्या थेट प्रसारणात प्रेक्षकांना बोलता येतं, म्हणून प्रश्न सुटला असं तरुण मित्र सांगतात. पडद्यावर बदाम उडतात, प्रतिक्रियांची रांग सरकत राहते. पण गाणाऱ्याला त्या वाचायच्या तर गाणं थांबवावं लागतं, आणि त्या उशिरा पोचतात. रागीचा 'हव' मात्र समेच्या आधी, नेमक्या फटीत पडतो. बदाम मोजून तीजनबाईसारखी गायिका पुढची ओळ लांबवेल की आवरती घेईल? माझ्या मते ती शेजारी रागीकडेच बघेल.