नहेम्याची यादी आणि आपले जुने फोटो

शास्त्रभाग : नहेम्या, अध्याय २ व ३

नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय उपासनेंत फारसा कोणी वाचीत नाहीं. त्यांत एकामागून एक नांवेंच आहेत. तटाचा हा भाग अमक्यानें बांधला, त्याच्या शेजारचा तमक्यानें. उच्चारावयास कठीण अशीं तीं नांवें पाहून वाचणारा पुढें निघून जातो. आम्ही आज मुद्दाम तेथेंच थांबतों. कारण खानदेशांतील व त्याच्या सीमेवरील कांहीं जुनीं स्थळें पाहून आणि त्यांचे जुने फोटो चाळून झाल्यापासून तो अध्याय आमच्या मनांतून जात नाहीं.

परंतु आधीं दुसरा अध्याय. यरुशलेमेस पोंहोंचल्यावर नहेम्यानें लगेच भाषण केलें नाहीं. तीन दिवस गेले. मग तो रात्रीं उठला आणि थोडीं माणसें बरोबर घेऊन पडका तट पाहत फिरला. एके ठिकाणीं तर त्याच्या जनावरास पुढें जावयास वाटच उरली नाहीं. आधीं डोळ्यांनीं पाहणें, मग बोलणें, असा त्याचा क्रम होता. पौलानेंही अथेन्स शहरांत फिरून एका वेदीवरील लेख वाचला होता, आणि अरीयपगावर उभा राहिल्यावर त्याच लेखाचा धागा धरून तो बोलला. म्हणून, बौद्ध भिक्षूंच्या लेण्यांशीं ख्रिस्ती मनुष्याचा काय संबंध, असें जे बंधु आम्हांस विचारतात, त्यांनीं हे दोन प्रवासी ध्यानांत घ्यावे.

जळगांवाहून दक्षिणेस सुमारें ६० किलोमीटर गेलें म्हणजे अजिंठ्याचीं लेणीं लागतात. जिल्हा दुसरा, पण वाट खानदेशांतूनच जाते. वाघोरा नदीनें घोड्याच्या नालासारखें वळण घेतलें आहे, त्या कड्यांत तीं कोरलेलीं आहेत. २८ एप्रिल १८१९ रोजीं मद्रास फौजेंतील जॉन स्मिथ नांवाचा अंमलदार शिकारीच्या निमित्तानें तेथें आला. दहाव्या लेण्यांत एका खांबावरील चित्रावर त्यानें आपलें नांव व तारीख खरडून ठेविली. ती आजही दिसते. ती मनुष्याच्या डोक्याहूनही उंच आहे, कारण त्या काळीं लेणें मातीनें भरलेलें असून तो त्या भरावावर उभा होता. त्यास वाट एका गुराख्याच्या पोरानें दाखविली, असें सांगतात. कथा खरी असो वा नसो, वाघाच्या रानांत परका मनुष्य वाटाड्यावांचून शिरला नसेल. सुंदर चित्र खरवडून नांव लिहिणाराचें नांव राहिलें. वाट दाखविणाराचें कोठेंच नाहीं. (आपलीं तरुण मुलें सहलीस जातात तेव्हां भिंतीवर नांवें कोरतात, तीही ह्याच साहेबाची नक्कल होय. उपदेशकांनीं त्यांस आवरावें.)

पुढें १८४४ सालीं कंपनी सरकारनें रॉबर्ट गिल ह्या लष्करी अधिकाऱ्यास लेण्यांतील चित्रांच्या नकला करावयास नेमिलें. त्यानें अनेक वर्षें तेथें राहून मोठमोठ्या कापडांवर त्या उतरविल्या व विलायतेस पाठविल्या. लंडनजवळच्या काचमहालांत त्या मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ च्या आगींत त्यांपैकीं बहुतेक जळून गेल्या. जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या कलाशाळेंतील विद्यार्थ्यांनीं १८७२ पासून पुन्हां नकला केल्या, त्यांतल्याही पुष्कळ १८८५ सालीं लंडनांतच आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. गिलनें मात्र मध्यंतरीं कॅमेरा हातीं घेतला होता. त्याच्या ७४ फोटोंचें पुस्तक १८६४ सालीं निघालें. त्यांतील वर्णन जेम्स फर्ग्युसन ह्या स्कॉटलंडांतील गृहस्थानें लिहिलें.

त्या काळीं फोटो काढणें म्हणजे काय खटाटोप होता, हें आजच्या वाचकास सांगितलें पाहिजे. कांचेवर चिकट द्रव ओतावयाचा, ती अंधारांत रुप्याच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची, ओली आहे तोंच कॅमेऱ्यांत घालावयाची, आणि वाळण्यापूर्वीं पुन्हां अंधारांत नेऊन धुवावयाची. म्हणजे कांचा, बाटल्या, तंबू, घडवंची आणि पुष्कळ पाणी, हें सगळें बिऱ्हाड त्या दरींत वर-खालीं नेलें पाहिजे. एका माणसाचें तें काम नव्हे. अशा जुन्या फोटोंत पुष्कळदां लेण्याच्या खांबापाशीं एखादा मनुष्य उभा केलेला दिसतो. खांबाची उंची पाहणारास कळावी, एवढ्याचसाठीं तो तेथें आहे. डोक्यास मुंडासें, अंगावर उपरणें. तो श्वास रोखून स्थिर राहिला म्हणून फोटो नीट आला. खालीं लेण्याचें नांव असतें, फोटो काढणाराचें असतें. त्याचें नसतें.

गिल १८७९ सालीं वारला. त्याची कबर आपल्या भुसावळांत आहे. तिकडे अजिंठा गांवांत पारो नांवाच्या स्त्रीची कबर आहे. ती त्याची जिवलग होती आणि १८५६ सालीं मरण पावली. त्यांच्या संबंधाचा न्याय करावयास आम्ही बसलों नाहीं. इतकेंच म्हणतों कीं, त्या साऱ्या वर्षांत ज्यांनीं त्याला अन्नपाणी दिलें व त्याचें ओझें वाहिलें, त्या लोकांपैकीं हें एक नांव दगडावर आलें.

आतां तिसरा अध्याय उघडा. मुख्य याजक तेथें आहेच. पण त्याच्या मागोमाग सोनार आहेत, सुगंधी द्रव्यें करणारा आहे, व्यापारी आहेत. हानून नांवाचा एक मनुष्य आहे, आणि तो सालाफाचा सहावा मुलगा, हेंसुद्धां लिहिलें आहे! तकोवाच्या बड्या लोकांनीं कामास मान वांकविली नाहीं, तेंही झांकलेलें नाहीं. शल्लूमानें आपल्या मुलींसह तट बांधला. मुलींचीं नांवें मात्र तेथेंही नाहींत, ह्याचें आम्हांस वाईट वाटतें. कोणी तरी जागेवर जाऊन विचारलें आणि टिपून घेतलें, म्हणून हें सारें आज आपल्या हातीं आहे.

आपल्या मंडळ्यांतून काय आहे? पत्र्याच्या पेटींत, वर्तमानपत्रांत गुंडाळलेले फोटो. नदीकांठचा बाप्तिस्मा, बोर्डिंगचीं मुलें, वार्षिक सभेचा मेळावा. मधोमध खुर्चीवर साहेब व मडमसाहेब. त्यांचीं नांवें मागें लिहिलेलीं. खालीं जमिनीवर बसलेल्या व मागें उभ्या राहिलेल्या साठ माणसांसाठीं एकच शब्द : ‘मंडळी’. बायबलबाई असली तर ‘अमक्याची पत्नी’. ह्याच माणसांनीं मंदिराच्या विटा वाहिल्या, बहिष्कार सोसला, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर उन्हातान्हांत शुभवर्तमान नेलें. त्यांस ओळखणारीं म्हातारीं माणसें दरवर्षीं एक एक करून आपल्यांतून जात आहेत. फोटो आगींतून वांचला तरी ओळख वांचत नाहीं.

हें काम मोठ्या शहरांतील विद्वानांचें, असें समजूं नका. इतिहासाचार्य राजवाडे ज्या धुळ्यांत १९२६ सालीं वारले, तेथें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ आहे. त्यांनीं गांवोगांव पायपीट करून माळ्यावरचीं दप्तरें मिळविलीं होतीं. केकी मूस ह्या पारशी कलावंतानें (१९१२–१९८९) चाळीसगांवच्या आपल्या घरींच राहून जन्मभर फोटो काढले, आणि तें घर आज पाहण्यास मिळतें. उपदेशक तर गांवोगांव जातातच. पुढच्या फेरींत घरच्या वडीलमंडळींपुढें फोटो ठेवा. आजीबाई बोलूं लागतील तेव्हां घाई करूं नका. फोटोच्या पाठीवर शाईनें लिहूं नये, ती फुटते. मऊ शिसपेन्सिलीनें हलक्या हातानें लिहावें. डावीकडून क्रमानें नांव, बापाचें नांव, गांव. स्त्रियांचीं त्यांचीं स्वतःचीं नांवें विचारावीं. मोबाइलवर एक प्रत काढून पाळकांकडे द्यावी. ज्याची ओळख पटत नाहीं, त्याच्या पुढें ‘नोकर’ किंवा ‘इतर’ असें लिहूं नये. जागा मोकळी सोडून ‘नांव विचारावयाचें आहे’ असें लिहावें आणि तोच फोटो शेजारच्या गांवच्या मंडळीस दाखवावा.