पदरची अट

अमेरिकेतल्या स्काउटिंगमध्ये टेंडरफूट नावाची एक सुरुवातीची पायरी आहे. तिच्यातली व्यायामाची अट मला फार आवडते. जोर, सिट-अप्स, बसून पुढे वाकणं आणि एक मैल चालणं किंवा धावणं, या चारांत आज आपल्याला किती जमतं ते मुलाने लिहून ठेवायचं, तीस दिवस सराव करायचा आणि मग सुधारणा दाखवायची. सुधारणा कितीही थोडी असली तरी चालते. तीन जोर मारणारा मुलगा महिन्याभराने चार मारू लागला, की जोरांपुरती अट पूर्ण. किमान आकडा पुस्तकात नाहीच.

आणि इथेच मोठ्यांचं घोडं अडतं. ‘चार जोर? हा कसला स्काउट?’ असं म्हणत एखादा स्काउटमास्तर पदरची अट घालतो: वीस झाल्याशिवाय सही नाही. त्याचा हेतू वाईट नसतो. मुलं कणखर व्हावीत, बॅजची किंमत राहावी, एवढंच त्याला वाटतं. पण अट लिहिणाऱ्यांना आकडा सुचला नसेल का? त्यांनी तो मुद्दाम घातलेला नाही. 1907 साली ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं पहिलं शिबिर भरवणाऱ्या बेडन-पॉवेल यांनीही स्काउटमास्तरांना हेच बजावलं होतं. काम किती उत्तम झालं यापेक्षा त्या मुलाने त्यासाठी किती कष्ट घेतले, ते बघा.

बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका, म्हणजे 2025 पासूनची स्काउटिंग अमेरिका, या संघटनेचा नियम तर स्वच्छ आहे. छापील अटींत भर घालण्याचा किंवा त्यांतलं काही वगळण्याचा अधिकार कुणालाही नाही. पथकाला नाही, समितीला नाही, व्यक्तीला तर नाहीच. तरीही पदरच्या अटी निघतातच. सर्वोच्च ईगल पदासाठी मुलाला एका समाजोपयोगी प्रकल्पाची आखणी आणि नेतृत्व करावं लागतं. त्याला किमान तासांचं बंधन नाही, पण ‘इतके तास भरलेच पाहिजेत’ ही दंतकथा काही मरत नाही. ‘बोर्ड ऑफ रिव्ह्यू’ ही मुलाशी बोलून त्याचा अनुभव समजून घेण्याची बैठक. तिथे पुन्हा परीक्षा घ्यायची नसते. तरी दोरी पुढे करून ‘जरा गाठ मारून दाखव’ म्हणणारे काका असतातच.

उलट्या बाजूचे लोक प्रेमळ असतात. जिथे ‘करून दाखव’ लिहिलंय तिथे नुसतं सांगितलेलं त्यांना चालतं. एका दुपारी वर्गभर मुलं माना डोलावतात आणि सगळ्यांच्या कार्डांवर सह्या होतात. मला हे जास्त घातक वाटतं. जादा अट घातली तर निदान कुणीतरी तक्रार करतं. फुकट मिळालेल्या सहीची तक्रार कोण करणार? आपल्याकडे प्रथम सोपानापासून राष्ट्रपती पुरस्कारापर्यंतच्या वाटेवरही मला धास्ती आहे ती याच दयाळूपणाची.

खरी कसोटी मात्र शब्द सैल असतात तिथे लागते. ईगलसाठी मुलाने आधीच्या पायरीवर किमान सहा महिने पथकात ‘सक्रिय’ असावं लागतं. सक्रिय म्हणजे किती? एक मुलगा फुटबॉलच्या हंगामात गायब होतो. दुसऱ्याचे आईवडील वेगळे झालेत, त्यामुळे त्याचे निम्मे शनिवार-रविवार दुसऱ्या गावात जातात. तिसरा नुसताच आळशी आहे. हजेरीपटावर तिघं सारखेच. पथकाला वाजवी अपेक्षा ठरवता येतात, पण त्या पुऱ्या झाल्या नाहीत म्हणून लगेच दार लावता येत नाही. आधी मुलाचं कारण ऐकावं लागतं आणि बाहेर तो जे करत होता त्यातून तो घडला का, हे पाहावं लागतं. हे काम टक्केवारीने होत नाही. त्यासाठी मुलगा माहीत असावा लागतो, आणि अनेक स्काउटमास्तर टक्केवारीकडे वळतात ते मला वाटतं याचसाठी. आकड्यामागे लपता येतं.

ईगलच्या अटी अठराव्या वाढदिवसाच्या आत पुऱ्या कराव्या लागतात. मोठ्यांच्या हट्टापायी गेलेले महिने मुलाच्याच खात्यातून वजा होतात. अमेरिकेत अनेक मराठी आईवडील आता मुलांच्या पथकांत जबाबदाऱ्या घेतात. त्यांना एवढीच विनंती: सही करण्याआधी पुस्तकातली ती ओळ मुलालाच मोठ्याने वाचायला सांगा, आणि त्या ओळीत आहे तेवढंच तपासा.