हंडींतील मरण

(शास्त्रपाठ : २ राजे ४:३८–४१)

गिलगालांत दुष्काळ पडला होता. संदेष्ट्यांचे शिष्य अलीशापुढें बसले होते व चुलीवर मोठी हंडी चढली होती. एक जण भाजी खुडावयास रानांत गेला. त्यास एक रानवेल आढळली. तिचीं फळें त्यानें ओटीभर आणलीं व चिरून हंडींत टाकलीं. तीं कसलीं आहेत हें कोणासही ठाऊक नव्हतें. तीं कडू इंद्रावणाचीं असावीं असें पुष्कळ पंडितांचें मत आहे.

प्रियजनहो, ह्या मनुष्याचा हेतु वाईट नव्हता. भुकेल्या बांधवांसाठीं तो श्रमला. परंतु चांगल्या हेतूनें विष निर्विष होत नाहीं.

ज्येष्ठ-आषाढांत गरिबाची कणगी रिकामी होते, तेव्हां देव आपल्या डोंगरांवर शेवळें, टाकळा व कुरडू उगवितो. ह्या देणग्यांचा अव्हेर करूं नये. तरी शेवळें काकडांच्या आंबट फळांवांचून शिजविलें तर घसा खाजवितें. कडू करांदा नीट उकडल्यावांचून खातां येत नाहीं. आणि त्याच रानांत कळलावीही फुलते. तिचें फूल मनोहर, पण तिचा कंद खाण्याचा कंद समजून खाल्ल्यानें माणसें दगावलीं आहेत. म्हणून जें ओळखीचें नाहीं तें हंडींत पडूं नये. ठाकर, कातकरी व वारली वृद्ध स्त्रियांपाशीं हें ज्ञान पिढीजात आहे. त्यांस नम्रतेनें विचारावें.

जेवणारांस धोका कळतांच ते ओरडले. आणणारास वाईट वाटेल म्हणून कोणी गप्प बसला नाहीं. अलीशानेंही त्यास दोष दिला नाहीं. त्यानें पीठ मागवून हंडींत टाकलें व अन्न निर्दोष झालें. हा देवाचा चमत्कार होता; पीठ हें विषावर औषध नव्हे. विषबाधेचा संशय येतांच रोग्यास, उरलेल्या भाजीसह, तत्काळ दवाखान्यांत न्यावें. डॉक्टरकडे धांवणें हा अविश्वास नव्हे.

आत्म्याच्या दुष्काळांतही असेंच घडतें. वचनाची उपासमार झालेली मंडळी कोणत्याही वेलीचें फळ उचलते. कोणी नवी शिकवण ओटीभर घेऊन आला, तर बिरुयाकरांप्रमाणें ती शास्त्राशीं पडताळून पाहा. कडवटपणा जाणवला तर निर्भयपणें बोला. पण आणणारास घालवून देऊं नका, त्यालाही पंक्तीस बसवा.

हे पित्या, आम्हांस अन्न दे, आणि तें पारखण्याची बुद्धिही दे. आमेन.