अर्ध्या शब्दावर

हैदराबादच्या अफझलगंजात मुसी नदीच्या काठी राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची भव्य इमारत उभी आहे. सय्यद हुसेन बिलग्रामी यांच्या पुढाकाराने १८९१ साली ते ‘आसफिया’ नावाने सुरू झाले. अशा ग्रंथालयात पुस्तकाचे नाव अर्धवट आठवणारा वाचक येतो. जाणता ग्रंथपाल आधी विषय विचारतो, भाषा विचारतो आणि मग मोजकीच पुस्तके पुढे ठेवतो.

प्रोग्रामरही आपल्या तयार कोडच्या संचाला लायब्ररीच म्हणतात. टाइप होत असलेला शब्द पुरा करून देणारी लायब्ररी तर शब्दशः ग्रंथपालाचे काम करते.

वेबच्या भाषांत हे काम अवघड होते. एकाच फाइलमध्ये एचटीएमएल, त्याच्या पोटात सीएसएस आणि जावास्क्रिप्ट. सी-ओ-एल ही तीन अक्षरे सीएसएसमध्ये आली तर ‘कलर’ सुचवावा, एचटीएमएलमध्ये आली तर तक्त्याच्या स्तंभाचा टॅग. नुसत्या अक्षरांवरून सुचवणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे. त्यात लिहिणाऱ्याचा कोड त्या क्षणी मोडकाच असतो: कंस उघडा, अवतरणचिन्ह एकच. कंपायलर तो चूक म्हणून परत पाठवतो. सुचवणाऱ्याला मात्र त्या मोडक्यातूनच अर्थ लावावा लागतो. ‘कोडमिरर’ हा ब्राउझरमधला एडिटर २००७ साली सुरू करणाऱ्या मारेन हावरबेक यांनी २०१३ मध्ये ‘टर्न’ हे कोड वाचून सुचवणारे साधन आणले. जावास्क्रिप्टमधले व्हेरिएबल आपला प्रकार जाहीर करत नाही. टर्न तो वापरावरून ओळखू पाही.

२०१६ साली मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल खुला केला. दहा एडिटर आणि वीस भाषा यांच्यासाठी दोनशे जोडण्या लिहाव्या लागल्या असत्या; प्रोटोकॉलमुळे समाईक बोली ठरल्यावर तीस पुरतात.

पण शब्द म्हणजे काय, हे कोणी ठरवायचे? जावास्क्रिप्टमध्ये ‘किंमत’ हे व्हेरिएबलचे नाव म्हणून चालते. तरीही शब्द शोधण्यासाठी सर्रास वापरले जाणारे तिथल्या रेजेक्सचे, म्हणजे मजकुरातला नमुना शोधणाऱ्या सूत्राचे, ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ हे चिन्ह फक्त इंग्रजी अक्षरे, आकडे आणि अधोरेषा ओळखते. त्यावर बेतलेल्या लायब्ररीला ‘किं’ दिसतच नाही. २०१८ पासून युनिकोडचे गुणधर्म जावास्क्रिप्टच्या रेजेक्समध्ये वापरता येतात. तिथेही केवळ ‘अक्षर’ हा गट घेतला तर वेलांटी आणि अनुस्वार बाहेर राहतात, शब्द ‘क’पाशीच तुटतो. काना-मात्रेची खूणही गटात घ्यावी लागते. ही दुरुस्ती एका ओळीची आहे आणि ती पहिल्या दिवशीच व्हायला हवी. चाचणीला ‘किंमत’ आणि ‘विद्यार्थी’ एवढे दोन शब्द पुरतात.