मोहिमेचा कर्ता कोण?

कोणतेही कर्म एकट्या माणसाकडून सिद्धीस जाते काय, या प्रश्नाला भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायाने नकारार्थी उत्तर दिले आहे. अधिष्ठान म्हणजे कर्माला आधारभूत असलेला देह, कर्ता म्हणजे ‘मी करतो’ असे मानणारा जीव, करण म्हणजे इंद्रियादी साधने, चेष्टा म्हणजे नानाविध हालचाली आणि पाचवे दैव, अशी पाच कारणे एकत्र आल्यावाचून कर्म घडत नाही. ती असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला वस्तुस्थिती दिसत नाही, असे तेथे प्रतिपादन आहे. एकोणिसाव्या शतकातील शोधमोहिमांचा इतिहास मात्र बहुधा याच दृष्टिदोषातून लिहिला गेला.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने ‘शोधले’ असे सर्रास सांगितले जाते. वास्तविक त्या खाऱ्या सरोवराच्या काठी कित्येक शतके मंदिरे उभी होती, गावातील दैत्यसूदन मंदिर लवणासुराच्या वधाची कथा सांभाळून होते आणि ‘ऐन-ई-अकबरी’त या स्थळाची नोंदही झालेली होती.

याहून गंभीर उदाहरण आफ्रिकेत सापडते, आणि त्याचा एक धागा नाशिकपर्यंत येतो. अरबी गुलामव्यापाऱ्यांच्या जहाजांतून इंग्रजी आरमाराने सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना नाशिकजवळच्या शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रयाने शिक्षण मिळत असे. ब्रिटिश शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६६ च्या जानेवारीत आपल्या अखेरच्या मोहिमेसाठी मुंबईहून झांझिबारकडे निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर शरणपूरचे नऊ तरुण, मुंबईच्या पलटणीतील शिपाई आणि ओझ्यासाठी नेलेल्या म्हशीसुद्धा होत्या. शिपाई पुढे परत धाडले गेले. शरणपूरच्या तरुणांपैकी काही शेवटपर्यंत टिकले, आणि १८७२ मध्ये लिव्हिंग्स्टनला शोधून काढणारा पत्रकार स्टॅनले याने पाठवलेल्या कुमकीतून तेथेच शिकलेला जेकब वेनराइट त्यांना येऊन मिळाला.

१ मे १८७३ रोजी, आजच्या झांबियातील चितांबो या गावप्रमुखाच्या गावी लिव्हिंग्स्टनचा मृत्यू झाला. ज्याच्या नावाने मोहीम ओळखली जात होती तो कर्ता उरला नाही, आणि तरीही मोहीम थांबली नाही. मोहिमेतील त्याचे आफ्रिकी सेवक अब्दुल्ला सूसी व जेम्स चुमा आणि त्यांच्या सोबत्यांनी मृतदेह मायदेशी पोचवण्याचे ठरवले. हृदय तेथील झाडाखाली पुरले, वेनराइटने अंत्यविधीची प्रार्थना वाचली, देह मीठ लावून उन्हात सुकवला आणि नंतर तो कापडाच्या गाठोड्यासारखा बांधला, कारण प्रेत घेऊन जाणाऱ्यांना वाटेतील गावे अडवत. ऑक्टोबरमध्ये वाटेतील उन्यान्येंबे येथे भेटलेल्या, लिव्हिंग्स्टनच्या मदतीसाठी निघालेल्या लेफ्टनंट कॅमेरॉनने देह तिथेच पुरावा असे सुचवले, पण त्यांनी ते मानले नाही. सुमारे नऊ महिन्यांनी, सोळाशे किलोमीटरहून अधिक अंतर तुडवून, ते किनाऱ्यावरच्या बागामोयोला पोचले. हा निर्णय लिव्हिंग्स्टनचा नव्हता. संकल्प, विचार आणि श्रम हे तिन्ही त्याच्या सोबत्यांचेच होते.

येथे एक आक्षेप संभवतो: गीतेप्रमाणे कर्तेपणाचा अभिमानच भ्रामक असेल, तर तो लिव्हिंग्स्टनकडून काढून या तरुणांना देण्याने काय साधते? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु अहंकाराचा त्याग ही साधकाने स्वतःवर लावायची शिस्त आहे, दुसऱ्याच्या श्रमाचे श्रेय नाकारण्याचा परवाना नव्हे. ज्यांना नाव मिळालेच नाही त्यांना निरहंकाराचा उपदेश करणे हे वेदान्ताचे सोयीस्कर विकृतीकरण होय, आणि अशा उपदेशाची आपल्याकडील परंपरा, विशेषतः जातिव्यवस्थेच्या समर्थनात, मुळीच तोकडी नाही.

१८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत झालेल्या दफनविधीत वेनराइट शवपेटीच्या मानकऱ्यांपैकी एक होता. सूसी आणि चुमा इंग्लंडला पोचले ते नंतर. थडग्यावरील शिळेवर देह तेथवर आणणाऱ्या विश्वासू हातांचा उल्लेख आहे, पण त्या हातांच्या धन्यांपैकी एकाचेही नाव नाही. म्हणजे जे कर्ते होते त्यांची गणना करणांत झाली.