प्रसाद आणि औषध




या वेळच्या पत्रात एक चूक सांगायची आहे. चूक आमचीच आहे, सावलीच्या गुरुवारच्या सत्संगातली. आपल्या प्रत्येक घरात तसंच घडू शकतं, म्हणून ती लपवून ठेवणं बरं वाटत नाही.

मंजुसर जीआयडीसीत नोकरी करणारे आमचे एक गुरुबंधू आहेत. आठवड्याला पाळी बदलते, त्यामुळे जेवणाची वेळ कधीच ठरलेली नाही. रात्रपाळी सुटली की टपरीवरचा चहा आणि शेव-उसळ. पोट फुगतं, करपट ढेकर येतात, छातीखाली जळजळ होते, असं एका गुरुवारी आरतीनंतर ते सहज बोलले. आमच्यातल्या एका ताईंनी घरी कुटलेलं चूर्ण आणलं होतं. सुंठ, ओवा, हिरडा, सैंधव, भाजलेला हिंग. पुडी पादुकांजवळ ठेवली आणि दादांच्या हातात दिली. "प्रसाद समजून घ्या दादा, श्रद्धा ठेवा." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी म्हणालं, माझा गॅस तर आठ दिवसांत गेला.

दादांनी ते चूर्ण सात महिने घेतलं. एक दिवस जिना चढताना चक्कर येऊन खाली बसले. बडोद्याला दवाखान्यात नेलं तेव्हा हिमोग्लोबिन सहावर आलेलं. दुर्बिणीने तपासणी झाली. जठरात अल्सर होता आणि त्यातून थोडं थोडं रक्त जात होतं. शौचाला काळी होत होती, पण ते चूर्णाचा रंग समजत होते. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही रोज चालू होत्या. अशा गोळ्यांनी अल्सर होतो, हे डॉक्टरांनी पहिल्याच प्रश्नात ओळखलं. आमच्यापैकी कुणी तो प्रश्न विचारलाच नव्हता.

दादा आता बरे आहेत. पण आम्ही भेटायला गेलो आणि विचारलं, "इतके दिवस बोलला का नाहीत?" तेव्हा ते म्हणाले, "प्रसाद लागू पडत नाही, असं कुठल्या तोंडाने सांगू? वाटलं, माझीच श्रद्धा कमी पडतेय."

हे वाक्य आमच्या मनातून जात नाही.

दोष चूर्णाचा नव्हता. त्या वस्तू पिढ्यान्‌पिढ्या आपल्या स्वयंपाकघरात आहेत. ताईंचा भावही निर्मळ होता. मग चुकलं कुठे? प्रसादाला नाही म्हणता येत नाही. किती घ्यायचा, किती दिवस घ्यायचा, गुण आला की नाही, हे प्रसादाबाबत कुणी विचारत नाही आणि विचारूही नये. औषधाचं नेमकं उलट आहे. त्याला हे सगळं विचारावंच लागतं, आणि गुण आला नाही तर ते थांबवावं लागतं. आम्ही औषध प्रसादाच्या पुडीत बांधलं आणि दादांचा विचारण्याचा हक्कच काढून घेतला.

आयुर्वेदात याला नाव आहे. चरकसंहितेत रोगाच्या मुख्य कारणांमध्ये 'प्रज्ञापराध' सांगितला आहे. धी म्हणजे समज, धृती म्हणजे संयम आणि स्मृती म्हणजे आठवण. ही तिन्ही ढळली की माणूस स्वतःचं अहित करतो. आम्ही तिन्हीत चुकलो. माझा गॅस आणि दादांची जळजळ एकच, असं धरून चाललो. ही समजेची चूक. चूर्ण आहे ना, मग शेव-उसळ चालेल, असं दादांनी मनाशी ठरवलं, ही संयमाची. आणि पथ्याशिवाय औषध नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून शंभरदा ऐकूनही विसरलो; ही स्मृतीची.

काही जण म्हणतील, "आयुर्वेदावर शंका घेताय का?" उलट आहे. आयुर्वेद नीट वाचला तर तो आपल्या फॉरवर्डपेक्षा खूप जास्त शंका घेतो. वैद्य आधी अग्नी पाहतो: मंद, तीक्ष्ण, विषम की सम. मग कोठा मृदू आहे, मध्यम आहे की क्रूर. ज्या त्रिफळ्याने एकाचं पोट साफ होतं त्यानेच मृदू कोठ्याच्या माणसाला जुलाब होतात. ज्येष्ठमध पित्ताला देतात, पण तोच जास्त दिवस घेतला तर रक्तदाब वाढवतो. सोनामुखी रोज घेतली की आतड्याला तिची सवय लागते. इसबगोल भरपूर पाण्याशिवाय घेतला तर अडकतो. नीट न जाणलेलं औषध विषासारखं, शस्त्रासारखं असतं, हा इशारा चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात आहे.

करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता, आठवतं ना? २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की, ती वनस्पती खरी गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे नीट तपासलेलं नाही. आपण कुणाचीही बाजू घ्या, शिकायचं एकच: काय घेतोय ते नक्की ठाऊक हवं. ग्रुपवर आलेल्या फोटोवरून ते कळत नाही.

मग काय, घरचा ओवा-हिंगही बंद करायचा? मुळीच नाही. जड जेवण झालं, ओवा चावला, बरं वाटलं, विषय संपला. पण दोन-तीन आठवडे तेच दुखणं परत परत येत असेल तर ते आता स्वयंपाकघराचं काम राहिलं नाही. शिकलेल्या वैद्यांकडे जावं. बडोद्यात पाणीगेटला सरकारी आयुर्वेद महाविद्यालय आहे. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या तिथे सांगाव्यात. आणि शौचातून रक्त किंवा काळेपणा, कारण नसताना वजन उतरणं, घास अडकणं, सारखी उलटी, झोपेतून उठवणारं दुखणं, यातलं काहीही असेल तर चूर्ण बाजूला ठेवून आधी डॉक्टर. छातीत जळजळ आणि सोबत घाम, धाप किंवा हाताकडे-जबड्याकडे जाणारी कळ असेल तर "गॅस आहे" म्हणत एक तासही घरी थांबू नये.

सावलीच्या सत्संगाने आता तीन गोष्टी ठरवल्या आहेत. पादुकांजवळ फक्त खडीसाखर आणि अंगारा राहील, औषधाची पुडी नाही. कुणी दुखणं सांगितलं तर उपाय सांगण्याआधी तीन प्रश्न विचारायचे: कधीपासून आहे, आणखी काय घेताय, कुणाला दाखवलं? आणि पंधरा दिवसांनी आपणहून फोन करून विचारायचं, "गुण आला का? नसेल तर मोकळेपणाने सांगा." ताईंनीच हा तिसरा नियम सुचवला. पहिला फोनही त्यांनीच दादांना केला.

तुमच्या घरच्या ग्रुपवरही हे करून पाहा. आजी-आजोबांना विचारा, गेले काही महिने मुकाट्याने काय चाललंय. ज्याच्यासमोर "मला अजून बरं वाटत नाही" असं न घाबरता म्हणता येतं, तोच आपला गुरुबंधू. श्रद्धा म्हणजे गप्प बसणं नव्हे, हे आम्हाला उशिरा कळलं. तुम्हाला वेळेवर कळो, हीच श्रीगुरुचरणी प्रार्थना.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥
— सत्संग परिवार, सावली